मुलांची दमा ओपीडी, पुणे: घाई न करता केलेलं निदान

५ पैकी ४.५ तारे देते. अर्धा कशासाठी कापला ते पुढे येईलच. रुग्णालय एका ट्रस्टचं आहे. नाव लिहीत नाही, कारण खाली काही तक्रारी आहेत आणि अशी ओपीडी आता पुण्या-मुंबईत एकापेक्षा जास्त ठिकाणी चालते. तुम्ही कुठेही गेलात तरी तिथे काय मिळायला हवं हे कळलं तर या लिहिण्याचा उपयोग होईल.

आम्ही इचलकरंजीचे. घराच्या खालच्या मजल्यावर माग आहेत, वर आम्ही राहतो. लेक आता पाच वर्षांची आहे. दीड वर्षाची असल्यापासून साधी सर्दी झाली की दुसऱ्या रात्री छाती भरायची, पोट उडायचं आणि आम्ही गाडी काढायचो. ॲडमिट, नेब्युलायझर, सलाईन, चार दिवसांनी घरी. प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर वेगळं काहीतरी लिहिलेलं: ब्राँकायटिस, ॲलर्जिक ब्राँकायटिस, न्यूमोनियाचा पॅच, एकदा तर ‘प्रायमरी कॉम्प्लेक्सची शंका’. त्या शंकेवर टीबीची औषधं सुरू करायची चाललेली, कुठलाही तपास न करता. मी अडून बसले म्हणून ती टळली. ‘बाळदमा’ हा शब्द मात्र कुणी कागदावर लिहीत नव्हतं. तोंडी सांगायचे, तेही आवाज खाली करून, मुलगी आहे म्हणून.

पुण्याची ही ओपीडी आमच्या गावातल्याच एका तरुण बालरोगतज्ज्ञांनी सुचवली. रात्रीच्या एसटीने निघून पहाटे स्वारगेटला उतरायचं, रिक्षाने जायचं, नंबर लावायचा. केस पेपर खिडकीवर सहज मिळतो, पण बाहेरच्या हॉलमध्ये बाकं फार कमी आहेत. लहान मुलं कडेवर घेऊन बाया भिंतीला टेकून उभ्या असतात. शेजारीच कँटीन आहे आणि तिथल्या फोडणीचा धूर थेट या हॉलमध्ये येतो. दम्याच्या मुलांना बसवायची ही जागा नव्हे. मी लेखी तक्रार दिली आहे, अजून काही झालेलं नाही. अर्ध्यातला पाव तारा इथे गेला.

आत गेल्यावर मात्र चित्र वेगळं. मॅडमनी पहिल्या भेटीत स्टेथोस्कोप लावायच्या आधी आमच्या सगळ्या फायली टेबलावर पसरून तारखेप्रमाणे लावायला घेतल्या. मी पतसंस्थेत कामाला, कागद सांभाळायची सवय आहे, त्यामुळे एकही चिठ्ठी हरवलेली नव्हती. त्यांनी एका कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडले: कधी ॲडमिट, कधी तोंडाने स्टिरॉइड, मध्ये किती दिवस पूर्ण बरी. स्टिरॉइडचा रकाना भरत गेला तसे त्यांच्या भुवया वर चढल्या. ते गोड सायरप ‘कफाचं औषध’ म्हणून आम्हाला मिळत होतं. त्यात प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आहे हे बाटलीवर छापलेलं होतं, पण कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं. मग त्यांनी वजन-उंची घेतली आणि वाढीच्या तक्त्यावर टिंब मांडलं. उंची जरा मागे होती, वजन बरं होतं.

पुढचा प्रश्न: “ताई, आवाज कसा येतो? तोंडाने काढून दाखवा.”

मी घशातली घरघर काढून दाखवली. मग त्यांनी मोबाईलवर तीन-चार आवाज ऐकवले. एक कफाची घरघर, एक नाकाचा, एक श्वास आत घेतानाचा करकर आवाज, आणि एक बारीक शिट्टी, श्वास सोडताना येणारी. आमचा हा शेवटचा. बऱ्याच घरांत आई-बाप कफाच्या घरघरीलाच दमा समजतात आणि डॉक्टरही त्यांच्या शब्दावर लिहून मोकळे होतात, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, पुढच्या वेळी त्रास सुरू झाला की अंगातला फ्रॉक वर करून, दिवा लावून, मिनिटभराचा व्हिडिओ काढा, औषध देण्याआधीचा आणि दिल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा.

ते व्हिडिओ पुढच्या भेटीत त्यांनी दोनदा बघितले, पहिल्यांदा आवाज बंद करून. गळ्याच्या खाचेत पडणारा खड्डा, बरगड्यांच्या खाली आत ओढलं जाणारं पोट, फुगणाऱ्या नाकपुड्या. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी मला श्वास मोजायला लावले, पूर्ण एक मिनिट. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास शांत असताना मिनिटाला ४० च्या वर गेले तर ते जास्त समजायचे. दुसऱ्या व्हिडिओत, लगेच आराम देणाऱ्या निळ्या पंपानंतर, तो आकडा खाली आलेला आणि खड्डाही कमी झालेला. तेव्हा त्या म्हणाल्या की दम्याच्या बाजूने हा सगळ्यात बोलका पुरावा आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलांत दमा सांगणारी एकच रक्ततपासणी किंवा एकच यंत्र नाही. पुन्हा पुन्हा येणारी शिट्टी, दुसरं कुठलं कारण नसणं आणि दम्याच्या औषधाने पडणारा फरक, या तिन्ही गोष्टी जुळवून निदान करावं लागतं.

“दुसरं कारण नसणं” या भागावर त्यांनी सर्वात जास्त वेळ घातला आणि माझ्या मते हाच या ओपीडीचा खरा गुण. जन्मल्यापासून ओला खोकला होता का? दूध पिताना ठसका लागायचा का? वजन कधी थांबलं होतं का? बोटांची टोकं फुगली आहेत का, म्हणून दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवून पाहिली. कधी शेंगदाणा किंवा फुटाणा तोंडात असताना एकदम ठसका लागून त्यानंतर त्रास सुरू झाला का? एखाद्या मुलाच्या एका बाजूच्या श्वासनळीत दाणा अडकलेला असतो आणि महिनोन्महिने त्याला दम्याचे पंप चालू असतात. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसं सारखी फुगली आहेत ना हे त्यांनी आम्हाला दिव्यावर धरून दाखवलं. टीबीची तपासणीही रीतसर करून घेतली आणि ‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’ हा विषय कायमचा मिटवला. घामातलं क्लोराइड मोजायची चाचणीही झाली, सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांत चिकट कफ साचणारा जन्मजात आजार) नाही ना हे बघायला. ती नॉर्मल आली. नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी थोड्या वाढलेल्या निघाल्या, झोपेत तोंड उघडं राहायचं ते त्यामुळे. नाकाचा स्प्रे सुरू झाला.

घरगुती उपायांबद्दल विचारताना त्यांनी एकदाही नाक मुरडलं नाही. माझ्या नणंदेने मृगाला हैदराबादला नेऊन जिवंत मासा गिळायला द्यायचं सुचवलं होतं, ते मी सांगितलं. “एवढ्या लहान मुलीच्या घशात जिवंत मासा घालू नका, अडकण्याची भीती आहे,” एवढंच म्हणाल्या. आमच्या सासूबाई एका वैद्याची काळपट पुडी मधातून देत होत्या, कागदावर नाव नाही, गाव नाही. मॅडमनी ती पुढच्या वेळी घेऊन यायला सांगितलं. अशा बिननावाच्या पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं, त्यामुळे काही दिवस चमत्कार झाल्यासारखा वाटतो आणि खऱ्या आजाराचा अंदाज चुकतो. सासूबाई तेव्हा शेजारीच बसल्या होत्या. मॅडमनी हे त्यांना समोर बसवून, “आजी, तुमचा हेतू मला कळतो” असं म्हणून सांगितलं. पुडी त्याच दिवशी बंद झाली, भांडण न होता.

आता पंपाबद्दल, कारण निम्मा आजार इथेच अडकलेला असतो. तिथल्या सिस्टर प्रत्येक मुलाच्या आईला (किंवा जो घरी औषध देतो त्याला) म्हणतात, “घरी जसं देता तसंच मला देऊन दाखवा.” मध्ये टोकत नाहीत, बघत राहतात. आमच्याकडे स्पेसर (पंप आणि तोंड यांच्या मध्ये लावायची प्लॅस्टिकची नळी) होता, मास्कही होता, पण मास्क तान्ह्या बाळाचा, गावातल्या औषधाच्या दुकानातून मिळालेला. पोरीचा चेहरा मोठा झाला तरी मास्क तोच. हनुवटीखाली फट राहायची आणि अर्धं औषध हवेत. सिस्टरनी मोठा मास्क लावला, नाकाच्या हाडापासून हनुवटीपर्यंत घट्ट. पंप हलवला, एक पफ दाबला आणि झडपेकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ही हलताना दिसते का बघा. पाच-सहा वेळा हलू द्या. मगच दुसरा पफ.” दोन पफ एकदम मारायचे नाहीत. मूल रडत असताना दिलेलं औषध घशातच राहतं, म्हणून शांत असताना द्यायचं. नंतर चूळ भरायची आणि तोंड पुसायचं. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने पुसला की प्लॅस्टिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीला चिकटतं. हे आम्हाला आधी कुणीही सांगितलेलं नव्हतं, पंप लिहून देणाऱ्यांनीही नाही आणि विकणाऱ्यांनीही नाही. लेकीला तिथेच एक बाहुली आणि जुना स्पेसर खेळायला दिला. ती बाहुलीला “श्वास घे गं” म्हणून पंप द्यायला लागली, तेव्हापासून तिचं स्वतःचं रडणं बंद.

‘पंपाची सवय लागते’ हे आमच्याकडेही सगळे म्हणत होते. मॅडमनी आकडे मांडून दाखवले. ओढायच्या स्टिरॉइडचा एक पफ १०० मायक्रोग्रॅमचा. तोंडाने घेतलेलं ५ मिलिग्रॅम म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम, तेही सगळ्या अंगात जाणारं. माझ्या नवऱ्याला हिशोब लगेच पटतो. त्या दिवसापासून घरात त्यावर चर्चा नाही.

दम्या-ॲलर्जीसाठीची मोंटेलुकास्टची चघळायची गोळी आधीपासून चालू होती. तिच्या झोपेबद्दल मॅडमनी स्वतःहून विचारलं. रात्री दचकून उठणं, विनाकारण रडणं, चिडणं. हे सगळं होत होतं आणि मी त्याचं खापर खोकल्यावर फोडत होते. या औषधाने काही मुलांच्या मनावर आणि झोपेवर परिणाम होतो आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० साली त्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला, असं त्यांनी सांगितलं. गोळी थांबवली, आठवड्याभरात पोर शांत झोपू लागली.

मग घर. त्यांनी घराचा नकाशाच काढायला लावला. माग कुठे, जिना कुठे, पोरगी झोपते ती खिडकी कुठे उघडते. आमच्या खिडकीखालीच कारखान्याचा दरवाजा, सुताची बारीक धूळ सरळ वर. झोपायची खोली मागच्या बाजूला नेली, खिडकीला बारीक जाळी लावली. नवरा आता वर आल्यावर आधी अंघोळ करून कपडे बदलतो, मगच तिला उचलतो. हे त्याला जड गेलं, कारण ती जिन्यातच त्याच्या अंगावर उडी घ्यायची. देवघरातली उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद, गाद्या उन्हात, उशीला बंद अभ्रा. त्वचेवर टोचून करायच्या ॲलर्जीच्या चाचणीत घरातल्या धुळीतले कीटक आणि झुरळ या दोन्हींना मोठे फोड उठले. (या चाचणीआधी काही दिवस ॲलर्जीचं सायरप बंद ठेवावं लागतं, नाहीतर पुन्हा खेप पडते. हे फोनवर विचारूनच निघा.) रक्तात इओसिनोफिल पेशी आणि आयजीई, ॲलर्जीत वाढणाऱ्या या दोन्ही गोष्टी वाढलेल्या. शंभर पदार्थांची ती महागडी अन्नाची ॲलर्जी तपासणी मात्र त्यांनी करूच दिली नाही. गावाकडच्या एका लॅबने त्यासाठी भरीस घातलं होतं.

श्वासाचं यंत्र दोन प्रकारचं आहे. जोरात फुंकायची स्पायरोमेट्री साधारण पाच-सहा वर्षांच्या मुलांनाच नीट जमते. त्याआधी ऑसिलोमेट्री करतात. मूल नाकाला चिमटा लावून नेहमीसारखा श्वास घेतं, आपण दोन्ही हातांनी त्याचे गाल दाबून धरायचे, अर्धा मिनिट. निळ्या पंपानंतर पुन्हा तेच. गाल मीच धरले होते. लेकीने डोळे मोठे करून माझ्याकडे बघत सगळं पार पाडलं, फक्त शेवटी हसू फुटल्याने एक फेरी परत करावी लागली. हे यंत्र आठवड्यातून ठरावीक दिवशीच चालतं आणि ते केस पेपरच्या खिडकीवर कुणी सांगत नाही. लांबून येणाऱ्याला यामुळे मुक्काम पडतो.

एवढं सगळं झाल्यावरही मॅडम ‘गंभीर दमा’ म्हणायला तयार नव्हत्या. मला तेव्हा थोडा राग आला, खरं सांगते, कारण मला उत्तर हवं होतं. त्यांनी नीट बसून समजावलं. तीन वर्षांच्या आत शिट्टी वाजणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांची ती पुढे आपोआप थांबते. अमेरिकेतल्या टुसान शहरात मुलांना जन्मापासून पुढे वर्षानुवर्षं पाहिलं, त्यात साधारण ६० टक्के मुलांची सहाव्या वर्षापर्यंत थांबली होती. म्हणून शिक्का मारायची घाई करायची नाही. आणि आवरायला अवघड दमा वेगळा, गंभीर दमा वेगळा. मास्कला फट आहे, घरात धूळ आहे, नाक चोंदलेलं आहे, औषध रोज पोचत नाही, यातलं काहीही असेल तर दमा अवघड दिसतो. हे सगळं दुरुस्त करून, मोठ्या मात्रेचं ओढायचं स्टिरॉइड आणि जोडीला दुसरं औषध काही महिने नियमित देऊनही आटोक्यात येत नसेल किंवा मात्रा कमी करताच उसळत असेल, तरच गंभीर म्हणायचं.

त्या काही महिन्यांत बराच फरक पडला. दिवसा धावायला लागली, जिना चढताना थांबेना. रात्रीचा खोकला मात्र राहिला, आणि गणपतीनंतरच्या एका सर्दीत पुन्हा ॲडमिट करावं लागलं, ऑक्सिजन लावावा लागला. पंप चुकला नव्हता. सिस्टरनी पंपावरचा आकडा बघून खात्री करून घेतली होती. एकदा मात्रा उतरवून पाहिली, तीन आठवड्यांत शिट्टी परत. तेव्हा मॅडमनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: गंभीर दमा, ॲलर्जीच्या प्रकारचा. मला रडू आलं. पण त्या कागदामागे काय काय तपासून झालंय हे मला ओळीने माहीत होतं, म्हणून त्यावर माझा विश्वास बसला. आधीच्या कुठल्याही कार्डावर तो कधी बसला नव्हता.

त्यासोबत त्यांनी त्रास वाढला तर काय करायचं याचा एक पानी आराखडा दिला. छापील कागद संपूर्ण इंग्रजीत. पुण्यात, जिथे अर्धी ओपीडी सातारा-सांगली-सोलापूरहून आलेली असते, तिथे हे चालणार नाही. उरलेला पाव तारा यासाठी. सिस्टरनी मात्र मागच्या बाजूला पेनाने मराठीत लिहून दिलं आणि ते आमच्या फ्रिजवर आहे: निळा पंप स्पेसरमधून किती पफ, २० मिनिटांनी पुन्हा, तासाभरात बरं नाही तर दवाखाना. आणि बोलता येत नाही, पाणी पिता येत नाही, ओठ निळसर, ऑक्सिमीटर ९२ च्या खाली किंवा छाती एकदम गप्प झाली तर वाट न बघता निघायचं, वाटेत पंप चालू. शिट्टी बंद होणं म्हणजे बरं होणंच असं नाही, हवाच आत जात नसेल तरीही ती बंद होते, हे त्यांनी सासूबाईंकडून दोनदा वदवून घेतलं. पफांचा आकडा इथे देत नाही, तो प्रत्येक मुलाचा वेगळा असतो.

सध्या मोठी मात्रा, दर भेटीला उंची, दर भेटीला स्पेसरची परीक्षा. सहा वर्षं पूर्ण झाली की ओमालिझुमॅबच्या, म्हणजे आयजीईला अडवणाऱ्या औषधाच्या, इंजेक्शनचा विचार करू असं ठरलंय. ते वजन आणि आयजीईच्या हिशोबाने दर दोन किंवा चार आठवड्यांनी द्यावं लागतं आणि खर्च मोठा आहे. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागातल्या ताईंनी ट्रस्टची मदत आणि आमच्या विम्याचे कागद याबद्दल आतापासूनच बसवून बोलणं केलं, हेही त्यांच्या बाजूने लिहिते.

जाणार असाल तर जुने सगळे डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे न्या, घरातला स्पेसर-मास्क आणि रिकामे पंपसुद्धा न्या, त्रास होतानाचा व्हिडिओ असला तर फारच उत्तम. मुलाला रोज औषध देणारी व्यक्ती बरोबर हवीच, मग ती आजी असो की शेजारीण. नंबर सकाळी लवकर लावा. ऑसिलोमेट्रीचा दिवस आधी फोनवर विचारा, दुपारी चारनंतर फोन कुणी उचलत नाही. आणि हॉलमध्ये कँटीनच्या बाजूला बसू नका, जिन्याजवळच्या खिडकीपाशी मोकळी हवा असते.